कोजागरीला गच्चीवर न येणारे मोठे आजोबा आणि रंगूनवरचे रात्रीचे हवाई हल्ले (१९४२-४५)

सायंतारा
(धागाकर्ती)

गिरगावातल्या आमच्या चाळीत कोजागरीला गच्चीवर दूध आटवायचे. सगळी चाळ वर यायची, फक्त आईचे थोरले काका यायचे नाहीत. आम्ही त्यांना मोठे आजोबा म्हणायचो. ते खोलीत खिडकी लावून बसायचे. सात-आठ वर्षांची असताना मी एकदा त्यांच्यासाठी पेला भरून खाली घेऊन गेले आणि वर का येत नाही म्हणून विचारलं. ते म्हणाले, "रंगूनला असं चांदणं पडलं की आम्ही पोरांना कपड्यांनिशी, वहाणा पायात घालूनच झोपवायचो." एवढंच बोलले आणि दूध प्यायले.

त्यांचे धाकटे भाऊ, म्हणजे आईचे वडील, १९४२ च्या सुरुवातीला रंगूनहून चालत निघाले आणि चितगावमार्गे परत आले. मोठे आजोबा निघू शकले नाहीत, कारण आजी नुकतीच बाळंत झाली होती. ते थेट १९४६ मध्ये बोटीने परतले. मधली सव्वातीन वर्षं जपानी अमलाखाली गेली, आणि या काळात त्या शहरावर बॉम्ब टाकणारी विमानं आपल्या बंगालमधून उडत होती. मी गेली काही वर्षं या विषयावर मिळेल ते वाचते आहे. जमलेलं इथे मांडते. कुणाच्या घरी रंगूनच्या आठवणी असतील तर जरूर लिहा.

आधी थोडी पार्श्वभूमी. युद्धाच्या आधी रंगूनच्या लोकसंख्येत निम्म्याहून जास्त माणसं भारतीय होती. गोदीत ओझी वाहणारे बहुतेक तेलुगू, सावकारीत चेट्टियार, शिवाय बंगाली, गुजराती, ओडिया. मराठी माणसं मोजकीच, पण होती. ब्रह्मदेश १ एप्रिल १९३७ रोजी हिंदुस्थानपासून वेगळा झाला, तरी रंगूनला जाणं म्हणजे परदेशी जाणं असं कुणाला वाटत नसे.

२३ डिसेंबर १९४१ रोजी जपान्यांनी दिवसाढवळ्या रंगूनवर पहिला मोठा हल्ला केला. लोक रस्त्यावर उभे राहून विमानं बघत होते. हजारावर माणसं गेली. २५ तारखेला पुन्हा तेच. गोदी कामगार शहर सोडून पळाले आणि बंदर लुळं पडलं. ब्रिटिशांनी निघताना सिरियमचा तेलशुद्धीकरण कारखाना पेटवून दिला आणि ८ मार्च १९४२ रोजी जपानी शहरात शिरले. चार लाखांहून अधिक भारतीय पायी आणि मिळेल त्या वाहनाने हिंदुस्थानकडे निघाले. हजारो वाटेतच कॉलऱ्याने, हिवतापाने, उपासमारीने गेले. चालत आलेल्या या माणसांबद्दल थोडंफार लिहिलं गेलं आहे. मागे राहिलेल्यांबद्दल मराठीत मला जवळजवळ काहीच सापडलं नाही. म्हणून हा धागा.

जपानी आल्यावर महिन्याभरातच उलटे हल्ले सुरू झाले. अमेरिकेच्या दहाव्या हवाई दलाकडे तेव्हा हाताच्या बोटांवर मोजण्याइतकीच मोठी विमानं होती. १६ एप्रिल १९४२ च्या रात्री त्यांतली सहा कलकत्त्याजवळच्या डमडमहून उडाली आणि रंगूनच्या गोदीवर आली. खालचं दिसावं म्हणून त्यांनी आकाशातून जळते फ्लेअर सोडले. पंचांग काढून बघितलं तर ती अमावास्येलगतची रात्र निघते, म्हणून फ्लेअर. पुढे मात्र रात्रीचे हल्ले होता होईल तो चांदण्या पंधरवड्यात होऊ लागले. मोठ्या आजोबांच्या त्या एका वाक्याचा अर्थ मला तेव्हा लागला.

१९४२ च्या अखेरीपासून ब्रिटिश विमानंही आली: दोन इंजिनांची वेलिंग्टन आणि चार इंजिनांची लिबरेटर. अमेरिकन बहुधा दिवसा, ब्रिटिश बहुधा रात्री, अशी विभागणी होत गेली. लक्ष्यं ठरलेली असत: सुले पॅगोडाजवळचे धक्के, नदीपलीकडची डल्लाची बोटदुरुस्तीची गोदी, माहलवागोनचं रेल्वे यार्ड, इनसीनचा इंजिन कारखाना, मिंगलाडोनचा विमानतळ. नकाशावर ही नावं वेगवेगळी दिसतात, पण धक्के आणि वस्ती यांच्यामध्ये फक्त स्ट्रँड रोड आहे. एवढ्या उंचावरून, रात्री टाकलेला बॉम्ब एखाद्या रस्त्याच्या रुंदीने चुकला तर कुठे पडेल ते सांगायला नको.

---

पाऊलवाट

फार चांगला विषय. मोठ्या आजोबांचं वाक्य वाचून थांबले. वहाणा पायात घालून का? धावता यावं म्हणून?

---

सायंतारा

हो. काचा. आईला त्यांनी सांगितलं होतं की बॉम्बपेक्षा रस्त्यावरच्या काचांनी माणसं जास्त लंगडी झाली.

---

दर्यावर्दी

धागा वाचून राहवलं नाही. मी व्यापारी जहाजांवर बत्तीस वर्षं होतो. ऐंशीच्या दशकात रंगूनला तीनदा गेलो आहे. या बंदराबद्दल एक गोष्ट समजून घेतली तर सगळा विषय उलगडतो: रंगून समुद्रावर नाही. समुद्रापासून नदीतून तीसेक किलोमीटर आत जावं लागतं. पाणी गढूळ, ओहोटीला उथळ, आणि शहराच्या अलीकडे हेस्टिंग्ज शोल नावाचा वाळूचा उंचवटा आहे. मोठं जहाज भरती बघून, पायलट घेऊनच वर चढतं. म्हणजे बंदराला एकच दार आणि तेही दिवसातून थोडाच वेळ उघडं.

असं बंदर बंद करायला धक्के फोडायची गरज नसते. दार अडवलं की झालं.

ते दार २२-२३ फेब्रुवारी १९४३ च्या रात्री अडवलं गेलं. दहा अमेरिकन लिबरेटर नदीच्या मुखाशी खाली उतरली आणि त्यांनी ब्रिटिश बनावटीचे ४० चुंबकी पाणसुरुंग टाकले. त्याच वेळी दुसरी विमानं शहरावर बॉम्ब टाकत होती, म्हणजे तोफा आणि सर्चलाइट तिकडे गुंतून राहावेत. पाणसुरुंग टाकायला खाली यावं लागतं, नदीचे काठ डोळ्यांनी दिसावे लागतात, जागा अचूक लागते. त्यासाठी चांदणं हवंच. सायंताराताईंनी पंचांगाचा विषय काढला म्हणून मीही बघितलं. माघी पौर्णिमा २० तारखेची. दोन-तीन रात्री उलटलेल्या, म्हणजे चंद्र थोडा उशिरा उगवून मग रात्रभर वर.

चुंबकी पाणसुरुंग कसा चालतो तेही सांगतो, कारण सिनेमात दिसतो तो शिंगांचा तरंगता गोळा म्हणजे हा नव्हे. हा एक लांब नळकांड्यासारखा असतो आणि पॅराशूटने उतरून नदीच्या तळाशी चिखलात पडून राहतो. प्रत्येक पोलादी जहाजाला स्वतःचं चुंबकत्व असतं. ते जहाज वरून गेलं की सुरुंगातल्या यंत्रणेला तो बदल जाणवतो आणि स्फोट होतो. जहाजाला स्पर्श व्हावा लागत नाही. खालून आलेला पाण्याचा दणका जहाजाचा कणा मोडतो. काही सुरुंगांना मोजणी लावलेली असते: पहिली काही जहाजं जाऊ द्यायची आणि मग फुटायचं. त्यामुळे नदी साफ केली असं कुणालाच छातीठोकपणे म्हणता येत नाही. उथळ आणि गढूळ नदी ही अशा सुरुंगासाठी सर्वांत चांगली जागा.

नंतर वेळोवेळी आणखी सुरुंग टाकत राहिले. १९४३ पासून जपान्यांनी मोठी जहाजं रंगूनला पाठवणं जवळजवळ सोडून दिलं. माल छोट्या लाकडी बोटींतून किनाऱ्याकिनाऱ्याने आणि रेल्वेने येऊ लागला. लाकडाला चुंबकत्व नसतं, म्हणून लाकडी बोटी.

तर माझं म्हणणं असं की रंगून बंदर मोडलं ते गाजावाजा न झालेल्या त्या ४० सुरुंगांनी. शहरावर पुढे दोन वर्षं पडत राहिलेल्या बॉम्बनी त्यात किती भर घातली, हा प्रश्न मला अस्वस्थ करतो.

---

भरतीओहोटी

दर्यावर्दी, सविस्तर लिहिल्याबद्दल आभार. शेवटच्या परिच्छेदाशी मात्र मी सहमत नाही. छोट्या बोटी आणि रेल्वेने माल येत होता म्हणता, तर तो उतरत कुठे होता? त्याच धक्क्यांवर, त्याच यार्डात. १९४४ मध्ये जपानी सैन्य इंफाळ-कोहिमापर्यंत आलं, त्याची रसद रंगून आणि माहलवागोनमधूनच वर जात होती. तिकडे सांगशाकला मराठा पलटणीची पोरं पाण्यावाचून लढली. रंगूनवरचे हल्ले थांबवले असते तर त्यांच्यासमोर आणखी तोफा आल्या असत्या. खालची माणसं मेली याचं दुःख मलाही आहे. पण दोन्ही बाजूंना आपलीच माणसं होती, हे विसरून चालणार नाही.

---

दर्यावर्दी

मान्य. रेल्वे यार्डाचं म्हणणं पटतं. मी शहराच्या धक्क्यांबद्दल बोलत होतो.

---

काळा_कातळ

रत्नागिरीकडून. आमच्याकडे ब्रह्मदेश म्हटलं की लोकांना थिबा राजा आठवतो, तो १९१६ मध्ये इथेच वारला. पण माझ्या आजीच्या तोंडी रंगून यायचं ते तांदळामुळे. युद्धाच्या आधी मुंबईत आणि कोकणात रंगुनी तांदूळ यायचा आणि गरिबाघरी तोच शिजायचा. आमचं भात सहा महिने पुरायचं, पुढचे सहा महिने रंगुनी. आजी सांगायची, "रंगून पडलं आणि आमची चूल पडली." नंतर रेशन आलं.

पुढचं वाक्य ती दर वेळी जोडायची: तो तांदूळ वासाला बरा नव्हता, पण पोट भरायचा.

---

मीठभाकर

काळा_कातळ यांचा धागा पकडून पुढे लिहिते, कारण या हल्ल्यांची दुसरी बाजू तिथे आहे.

ब्रिटिशांची लिबरेटर विमानं जिथून उडायची त्यातला एक तळ म्हणजे सालबोनी. मिदनापूर जिल्हा. आज सालबोनी म्हटलं की नोटांचा छापखाना आठवतो, तेव्हा तिथे लाल मातीत साल वृक्षांच्या रानात धावपट्टी होती. १५९ आणि पुढे ३५५, ३५६ नंबरची स्क्वाड्रनं तिथली. १६ ऑक्टोबर १९४२ रोजी मिदनापूरच्या किनाऱ्यावर भीषण चक्रीवादळ आलं आणि दहा हजारांहून जास्त माणसं एका रात्रीत गेली. त्यानंतर दुष्काळ. १९४३ मध्ये मिदनापूरची माणसं रस्त्याच्या कडेला पडून मरत होती. बंगालमध्ये एकूण किती गेली याचे अंदाज वीस ते तीस लाखांचे आहेत.

दुष्काळाची कारणं बरीच. सरकारने किनाऱ्यावरच्या होड्या आणि तांदूळ काढून घेतले, साठेबाजी झाली, चलनफुगवटा झाला, वरून मदत पाठवायला टाळाटाळ झाली. त्यात एक कारण हेही, की ब्रह्मदेशातून दरवर्षी येणारा दहा लाख टनांहून जास्त तांदूळ १९४२ मध्ये एकदम बंद झाला.

आता हे एकत्र ठेवून बघा. रात्री सालबोनीहून विमान उडतं, खाली उपाशी जिल्हा. आठ-नऊ तासांचा जाऊन-येऊन प्रवास, बहुतेक बंगालच्या उपसागरावरून. पलीकडे रंगून, जिथे पझुंडाउंग खाडीवरच्या भाताच्या गिरण्या आणि गोदामं आहेत. इरावतीच्या खोऱ्यात भात पिकून पडलं आहे, ते बाहेर न्यायला जहाज नाही म्हणून शेतकऱ्याला भाव नाही, आणि पुढे पुढे त्याने पेरणंच कमी केलं. उपसागराच्या एका काठाला तांदळाला गिऱ्हाईक नाही, दुसऱ्या काठाला तांदूळ नाही. मध्ये ती विमानं जात-येत होती. मला हे पहिल्यांदा उमगलं त्या दिवशी जेवण गेलं नाही.

---

पाऊलवाट

मीठभाकर, प्रतिसाद वाचून सुन्न झाले.

---

चिंचपोकळीकर

एक शंका. रंगूनमधला बोताटाऊंग पॅगोडा युद्धात पडला असं प्रवासाच्या कार्यक्रमात ऐकलं होतं. तो जपान्यांच्या बॉम्बने पडला ना?

---

सायंतारा

नाही, ब्रिटिश हवाई दलाच्या बॉम्बने. ८ नोव्हेंबर १९४३. लक्ष्य होते शेजारचे धक्के, पॅगोडा अगदी नदीकाठाला. थेट वरच बॉम्ब पडला आणि सगळं भुईसपाट झालं. ब्रह्मी लोकांची श्रद्धा अशी की बुद्धाचे केस हिंदुस्थानातून आले तेव्हा एक हजार सरदारांनी इथे उभं राहून त्यांचं स्वागत केलं. नावाचा अर्थच तो. युद्धानंतर नव्याने बांधण्यासाठी ढिगारा उपसताना आतला अस्थिकोश सापडला: सोन्याचे छोटे स्तूप, मूर्ती, रत्नं. नवा पॅगोडा मुद्दाम आतून पोकळ बांधला आहे, म्हणजे लोकांना आत फिरून ते बघता यावं. दर्यावर्दींनी बघितला असेल.

तिथीही लावून बघितली. कार्तिकी एकादशीच्या आसपासची तारीख आहे.

---

दर्यावर्दी

बघितला आहे. जहाज बोताटाऊंगच्या धक्क्याला लागलं की दहा पावलांवर. श्वेडगोन मात्र टेकडीवर, शहराच्या उत्तरेला, सोन्याचा. चांदण्यात तो किती लांबून दिसत असेल याचा विचार करा. रात्रीच्या वैमानिकाला नदीचं वळण आणि तो कळस एवढं पुरेसं होतं.

---

लोहगावकर

लिबरेटरबद्दल पुण्याकडून एक भर घालतो. हीच विमानं पुढे आपल्याकडे राहिली. युद्ध संपल्यावर कानपूरला ही विमानं मोडीत काढून ठेवली होती. पुन्हा कुणी वापरू नयेत म्हणून त्यांची मोडतोडही केलेली. १९४८ मध्ये हिंदुस्थान एअरक्राफ्टच्या कारागिरांनी त्यांतली चाळीसच्या आसपास विमानं दुरुस्त करून उडवली आणि त्यांतून भारतीय हवाई दलाचं पहिलं जड बॉम्बफेकी स्क्वाड्रन उभं राहिलं. नंतर ६ नंबरच्या स्क्वाड्रनने लिबरेटर घेऊन पुण्यातून अरबी समुद्रावर टेहळणी केली. १९६८ पर्यंत ही विमानं सेवेत होती. जगात बाकी सगळीकडे ती कधीच निवृत्त झाली होती. त्यातलं एक, जे युद्धात ९९ नंबरच्या ब्रिटिश स्क्वाड्रनकडे होतं, ते पुण्याहून निवृत्त होऊन आज इंग्लंडच्या हवाई दलाच्या संग्रहालयात उभं आहे.

माझे वडील लोहगावला हवाई दलात मेकॅनिक होते. चार इंजिनं एका मागून एक सुरू व्हायची त्याचा आवाज ते तोंडाने काढून दाखवायचे. त्या विमानाच्या पोटात जागा किती अरुंद होती, बॉम्बच्या कप्प्यातून जाणारी पट्टी जेमतेम वीतभर रुंद, हे त्यांनी मला लहानपणी अनेकदा सांगितलं. पावसाळ्यात उपसागरावर अशा विमानात आठ-नऊ तास काढायचे. बंगालमधल्या त्या स्क्वाड्रनांची बरीच विमानं वळिवाच्या आणि पावसाळी ढगांतच नाहीशी झाली. रंगूनवरच्या तोफांपर्यंत ती पोचलीच नाहीत.

आणखी एक. १५९ नंबरच्या स्क्वाड्रनचा प्रमुख विंग कमांडर जेम्स ब्लॅकबर्न याने इंधन जपून कसं उडवायचं यावर बारकाईने प्रयोग केले आणि त्याच विमानातून कितीतरी जास्त ओझं नेता येतं हे दाखवून दिलं. त्याच बळावर २७ ऑक्टोबर १९४४ रोजी १५ लिबरेटर बंगालमधून पार पेनांगपर्यंत गेली आणि तिथल्या बंदराच्या तोंडाशी पाणसुरुंग टाकून आली. जाऊन-येऊन ३,००० मैलांहून जास्त. दर्यावर्दींनी सांगितलेली दार अडवायची युक्तीच, पण जवळपास दुप्पट लांबवर.

---

भरतीओहोटी

वडिलांच्या आठवणी वेगळ्या धाग्यात लिहाच, लोहगावकर.

दिवसाच्या हल्ल्यांची किंमतही नोंदवून ठेवतो. नोव्हेंबर १९४३ च्या शेवटच्या आठवड्यात अमेरिकनांनी रंगूनवर मोठी मोहीम काढली. चीनमधून जादा विमानं आणली, सोबतीला लढाऊ विमानं दिली. १ डिसेंबरला इनसीनच्या कारखान्यावर गेलेल्या तुकडीची जपानी लढाऊ विमानांनी दाणादाण उडवली. रात्री का जायचे याचं उत्तर त्या आठवड्यात आहे. रात्री नेम कमी लागतो, पण माणसं परत येतात. नेम चुकतो तेव्हा विमानात बसलेल्या माणसाला खालची माणसं दिसत नाहीत, हेही खरं. कालच्या माझ्या प्रतिसादात हे राहून गेलं होतं.

---

मृगजळ

परत न आलेल्या वैमानिकांचं काय झालं त्याबद्दल. रंगूनच्या मध्यवर्ती तुरुंगात युद्धकैदी ठेवले होते. त्यातही विमानातून पडलेल्यांना युद्धकैदी मानत नसत, त्यांना गुन्हेगार ठरवून वेगळ्या कोठड्यांत एकेकटं ठेवत. शिधा कमी, औषध नाही. आपल्याच स्क्वाड्रनचे बॉम्ब आपल्याच डोक्यावर पडताना ऐकायचे. ३१ जानेवारी १९४५ रोजी इरावतीच्या त्रिभुज प्रदेशात पडलेल्या १५९ स्क्वाड्रनच्या विमानातला वायरलेस ऑपरेटर स्टॅनली वुडब्रिज याला तर तुरुंगही मिळाला नाही. सांकेतिक खुणांबद्दल एक शब्द बोलला नाही म्हणून छळ करून ७ फेब्रुवारीला त्याचा शिरच्छेद केला. मरणोत्तर जॉर्ज क्रॉस हे ब्रिटिश शौर्यपदक मिळालं.

एप्रिल १९४५ च्या शेवटी जपानी रात्रीतून शहर सोडून गेले. चालू शकणारे शेकडो कैदी पेगूच्या दिशेने हाकत नेले, उरलेले तुरुंगात. आपल्याच विमानांनी आपल्यावर बॉम्ब टाकू नयेत म्हणून उरलेल्यांनी छपरावर मोठ्या अक्षरांत रंगवलं की जपानी गेले. २ मे रोजी विंग कमांडर सॉन्डर्स याने ती अक्षरं बघितली आणि मॉस्किटो विमान मिंगलाडोनला उतरवलं. धावपट्टी इतक्या वर्षांच्या बॉम्बनी खड्डेमय झालेली, त्यात विमान मोडलं. तो चालत शहरात आला, तुरुंगात जाऊन कैद्यांना भेटला आणि होडीने नदीतून खाली जाऊन येणाऱ्या सैन्याला सांगितलं की शहरात जपानी नाहीत.

---

पाऊलवाट

जपानी गेल्यापासून ब्रिटिश येईपर्यंत शहर कुणाच्या ताब्यात होतं? सायंताराताईंचे आजोबा तेव्हा तिथेच होते ना?

---

मृगजळ

आझाद हिंद फौजेच्या. जानेवारी १९४४ पासून नेताजींच्या हंगामी सरकारचं मुख्य ठाणं रंगूनला होतं. २४ एप्रिल १९४५ रोजी नेताजी झाशी राणी पलटणीतल्या मुलींना बरोबर घेऊन शहराबाहेर पडले. जनरल लोगनादन यांच्या हाताखाली पाचेक हजार सैनिक मागे ठेवले, लुटालूट होऊ नये म्हणून. तिथल्या भारतीयांना त्या दिवसांत त्यांचाच आधार होता.

सावंतवाडीकडच्या तिरोड्याचे जगन्नाथराव भोसले हे या फौजेचे चीफ ऑफ स्टाफ. पुढे केंद्रात पुनर्वसन खात्याचे उपमंत्री झाले. मुद्दाम लिहितो, कारण रंगूनच्या गोष्टीत मराठी माणूस कुठे होता असं विचारलं की आपण गप्प बसतो.

फेब्रुवारी १९४५ मधला एक हल्ला याच संदर्भात सांगायला हवा. रंगूनजवळ म्यांग इथे आझाद हिंद फौजेचं रुग्णालय होतं. तिथे इंफाळहून परतलेले, हाडाची काडं झालेले सैनिक पडून होते. तिथे बॉम्ब पडले. हा दिवसाचा हल्ला होता, चांदण्याचा काही संबंध नाही. खाटेवरून उठता न येणारी माणसं होती ती.

---

दर्यावर्दी

शेवटची एक भर. मे १९४५ मध्ये ब्रिटिशांचं आरमार आणि २६ वी हिंदी डिव्हिजन नदीतून रंगूनकडे निघाली तेव्हा सगळ्यांत पुढे सुरुंग काढणाऱ्या बोटी ठेवाव्या लागल्या. आपल्याच बाजूने टाकलेले सुरुंग होते ते. त्यातले कुठले मेलेले आणि कुठले अजून जिवंत, हे तळाशी गेल्याशिवाय कळत नाही. शहर हाती आलं तरी धक्के, क्रेन, गोदामं यांची दुरवस्था एवढी की माल उतरवणं पुढे बराच काळ जिकिरीचंच राहिलं.

---

सायंतारा

सगळ्यांचे मनापासून आभार. एवढं मिळेल असं वाटलं नव्हतं. काल रात्री हा धागा आईला फोनवर वाचून दाखवला. म्यांगच्या रुग्णालयाचं ऐकून ती बराच वेळ काही बोलली नाही. मोठे आजोबा तेव्हा नदीपासून लांब कमायुतकडे राहायला गेले होते. शेजारच्या दोघा पोरांना घेऊन ते दुसऱ्या दिवशी तिथे मदतीला गेले होते, एवढं तिला माहीत होतं. तिथे काय बघितलं ते त्यांनी आजीलाही सांगितलं नाही.

पाऊलवाट, तुमच्या प्रश्नाचं उत्तर आईकडे होतं. जपानी गेल्यावरच्या आठवड्यात त्यांच्या गल्लीच्या तोंडाशी आझाद हिंद फौजेचे दोन शिपाई उभे असायचे, एक तमिळ आणि एक पंजाबी. आजी त्यांना चहा म्हणून गुळाचं गरम पाणी द्यायची.

मग आईने एक गोष्ट सांगितली जी मी आधी कधी ऐकली नव्हती. डिसेंबर १९७१. पाकिस्तानशी युद्ध सुरू झालं तेव्हा पौर्णिमा नुकतीच होऊन गेली होती. मुंबईत ब्लॅकआऊट. चाळीत सगळ्यांनी काचांना काळे कागद चिकटवले, मुलांनी बॅटरीच्या काचेलासुद्धा. भोंगा वाजला की सगळे जिन्याखाली. मोठे आजोबा त्या रात्री, आयुष्यात पहिल्यांदा, आपणहून गच्चीवर गेले. आजी घाबरून आईला म्हणाली, बघ गं कुठे गेले. आई वर गेली तर ते कठड्याला हात लावून चौपाटीच्या दिशेने बघत होते. सगळं शहर काळं, एक दिवा नाही, आणि पलीकडे समुद्र लख्ख.

आई म्हणाली, काका, खाली चला. ते म्हणाले, "रंगूनलाही सगळे दिवे मालवायचे गं. नदी कोण मालवणार?"

मग ते तिच्यामागून खाली आले आणि जिन्याखाली सगळ्यांबरोबर बसले. पायात वहाणा होत्या.